आधी बोलला तो आपला

कादंबरी चांगली साठ-सत्तर पानं पुढे गेलेली असते आणि अचानक निवेदक बदलतो. माझी पहिली प्रतिक्रिया दर वेळी एकच असते, चीड. आत्ता कुठे रुळत होतो! हा माणूस वाक्य कुठवर ताणतो, कुठे तोडतो, कशाला हसतो, आईचा विषय निघाला की कसा हळूच दुसरीकडे वळतो, हे सगळं नुकतं अंगवळणी पडलेलं असतं. पान उलटावं तर वर भलतंच नाव आणि खाली भलतीच भाषा. मग मी सरळ पुढची पानं चाळतो आणि पहिला परत कधी येणार ते बघून ठेवतो. दुसऱ्याचं प्रकरण तोवर जरा सावत्रपणेच वाचलं जातं.

हा सावत्रपणा मला अलीकडे फार महत्त्वाचा वाटायला लागलाय. कादंबरीत आवाज बदलतो तेव्हा काय होतं, यावर समीक्षक मंडळी भरपूर बोलतात, पण ते बहुतेक नव्या आवाजाबद्दल. त्यानं कोणता दृष्टिकोन आणला, वास्तवाचा कोणता पैलू उजेडात आला वगैरे. वाचताना माझं लक्ष निराळीकडेच असतं. नवा आवाज सुरू झाला तरी जुना कानातून जात नाही. दुसऱ्याचं वाक्य मी मनातल्या मनात पहिल्याला विचारून वाचतो. हा असं म्हणतोय, तू तर तसं म्हणाला होतास, खरं काय? आणि दोघांचं जुळेना, तर मी बहुधा पहिल्याच्या बाजूनं उभा राहतो. त्याच्याकडे पुरावा असतो अशातला भाग नाही. तो आधी बोललेला असतो, एवढंच.

खोटं वाटत असेल तर दोन उतारे लिहून बघू. घर तेच, पहाट तीच.

'अण्णा गेले त्या पहाटे मी दारातच उभी होते. आत पाऊल टाकायचा धीर होईना. आतून कुणीतरी विचारत होतं, थोरलीला कळवलं का, थोरली आली का. आले होते मी. उंबऱ्यापाशीच होते. कुणी वळून बघितलं नाही.'

आता दुसरा.

'म्हातारा पहाटे गेला. डॉक्टरांना बोलावलं. दाखला लिहून घेतला. फोन केले, पहिला थोरलीला. औषधांच्या बाटल्या पिशवीत भरल्या, चादर बदलली. थोरली उजाडल्यावर आली, दारात उभी राहिली आणि रडली. मग मी आतल्या खोलीत जाऊन जरा पडले.'

पहिल्या उताऱ्यात आपण चार वाक्यांत थोरलीचे झालो. त्यामुळे 'म्हातारा' कानाला खटकतो. कोण हा दगड? असेल तिचा भाऊ. बोलावलं, घेतला, केले, भरल्या, बदलली अशा तुटक क्रियापदांतून आपण एक पुरुष उभा करतो, कामाचा, कोरडा, हिशेबी. यातलं एकही क्रियापद बोलणारा बाई आहे की पुरुष ते सांगत नाही, कारण अशा वाक्यांत मराठी क्रियापद कर्त्याच्या मागे जात नाही. 'पडले' येतं आणि हा पुरुष कोसळतो. ही बाई आहे. सून असेल, धाकटी असेल. पण बाटल्या तिनंच आणलेल्या होत्या आणि चादरही रोज तीच बदलत होती, हे आता कुणी सांगावं लागत नाही. मग 'म्हातारा' पुन्हा ऐकू येतो आणि त्यात किती रात्रींची झोप राहिलेली आहे ते कळतं.

गंमत अशी की एवढं झाल्यावरही थोरलीवरचा विश्वास पुरता उडत नाही. ती पहाटे आली की उजाडल्यावर? दोन्ही उतारे मीच लिहिलेत, पडताळायला तिसरं काही नाही. तरी माझ्या डोळ्यांपुढे ती अजून अंधारातच उंबऱ्यापाशी उभी आहे.

मराठी कादंबरीकाराला ही हत्यारं फुकटात मिळालेली आहेत. 'मी गेलो', 'मी गेले' म्हणताक्षणी निवेदकाचं लिंग उघडं पडतं, आणि 'मी पाहिलं', 'मी उचललं' म्हणत राहिलं तर ते पानंच्या पानं झाकूनही ठेवता येतं. तृतीयपुरुषी निवेदनात तर आदरार्थी बहुवचनानं आणखी मजा येते. 'सुमनबाई आत आल्या', 'सुमन आत आली', 'आई आत आली.' बाई एकच, दार एकच, पण पाहणारे तिघं निरनिराळे. मथळा नको, नाव नको, नुसत्या एका शब्दरूपावर आपण एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातो. चांगला लेखक हे इतकं अलगद करतो की वाचकाला आपण जागा बदलल्याचा पत्ताही लागत नाही. फक्त सुमनबद्दलचं मत हळूहळू सरकलेलं असतं. मुद्रितशोधनात कुणी उत्साहानं सगळीकडे 'सुमनबाई' करून टाकलं, तर कादंबरीचा अर्धा जीव गेला म्हणून समजा.

मराठीत अनेक निवेदकांची कादंबरी म्हटली की 'मृत्युंजय'चं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. १९६७ची ही कादंबरी नऊ भागांची. चार भाग कर्णाचे, उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांचे. त्याआधी १९५९मध्ये 'ययाति'त वि. स. खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना पाळीपाळीनं बोलतं केलं होतं. आता 'मृत्युंजय'चं कुठलंही पान उघडा, माणसांची नावं आणि नाती बोटानं झाका आणि कोण बोलतंय ते नुसत्या वाक्यांवरून ओळखा बघू. मला तरी जमत नाही. राजमाता असो, सारथ्याच्या घरातला शोण असो, सगळे एकाच भरजरी मराठीत बोलतात. उपमा तशाच दाटीनं येतात, उद्गारही त्याच उंचीवर जातात.

म्हणजे निवेदक बदलतात, शैली बदलत नाही. याचा वाचकावर होणारा परिणाम साधासुधा नाही. भाषा एकच राहिल्यामुळे कुणावर संशय घ्यायची वेळच येत नाही. दुर्योधन बोलत असतानाही आपण त्याला उलटतपासणीत घेत नाही, कारण त्याचा सूर कर्णाच्या सुरासारखाच भारलेला असतो. आणि आपण तर पहिल्या पानापासून कर्णाचे. कुंती बोलली तरी कर्णाचेच, कृष्ण बोलला तरी कर्णाचेच. इतक्या जणांना साक्षीला बोलावून निकाल मात्र पहिल्या भागातच लागलेला. लाखो घरांत ही कादंबरी ज्या श्रद्धेनं वाचली जाते त्यामागे हेही एक कारण असावं, असं मला वाटतं. संशयाला जागा ठेवली असती तर ती श्रद्धा जमली नसती.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला विल्यम फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' आहे. १९२९ची. चार भाग, आणि पहिला भाग दिलाय बेंजीला. बेंजी तेहतीस वर्षांचा आहे, पण त्याची समज लहान मुलाची, आणि त्याला बोलता येत नाही. ज्याला बोलताच येत नाही त्याच्या तोंडी पहिला भाग! कुंपणापलीकडे लोक गोल्फ खेळतायत. त्यांच्यातला एक जण चेंडू-काठ्या वाहणाऱ्या पोराला हाक मारतो, 'कॅडी!' आणि कुंपणाला धरून उभा असलेला बेंजी कळवळून रडायला लागतो. का रडतो ते त्या पानावर कुणी सांगत नाही. त्याच्या बहिणीचं नाव कॅडी आहे आणि ती घरातून कधीच निघून गेली आहे, हे वाचकाला बऱ्याच उशिरा उमगतं. मधल्या काळात वाक्यं वर्षांच्या वर्षं मागेपुढे उड्या मारतात. कुंपणाच्या खिळ्याला कपडा अडकतो आणि पुढच्या ओळीत आपण पार त्याच्या बालपणात असतो.

हा भाग पहिल्या वाचनात समजतो असं कुणी म्हटलं तर मी विश्वास ठेवणार नाही. पण न समजताही एक गोष्ट पक्की रुजते. कॅडीला झाडांचा वास येतो, असं बेंजी पुन्हा पुन्हा सांगतो, आणि आपण त्याच्याकडून तिच्यावर प्रेम करायला शिकतो. दुसरा भाग दुसऱ्या भावाचा, क्वेंटिनचा. हा हार्वर्डला शिकणारा, अतिविचारी, आणि २ जून १९१० हा त्याच्या आयुष्यातला शेवटचा दिवस. त्याची वाक्यं सुरुवातीला नीटनेटकी असतात आणि शेवटाकडे विरामचिन्हं सोडत जातात. मग तिसरा भाग येतो, जेसनचा. आणि इथे फॉकनरनं वाचकाला जो पेचात पकडलाय त्याला तोड नाही.

जेसन सरळ बोलतो. काल काय झालं, आज काय झालं, कुणाकडून किती पैसे यायचेत, सगळं क्रमानं. दोन भाग ठेचकाळत आलेल्या वाचकाला हुश्श वाटतं. पानं भराभर उलटायला लागतात. जेसन बोलतोही चटपटीत, हसू येतं. आणि चार-सहा पानांनी लक्षात येतं की आपण या घरातल्या सगळ्यांत हलकट माणसाच्या शेजारी आरामात पाय पसरून बसलो आहोत. तो बहिणीचे पैसे खातो, भाचीला छळतो, बेंजीची पीडा कधी एकदा टळते याची वाट बघतो. तरी त्याचं ऐकणं सोपं जातंय! सुबोध बोलणाऱ्याला आपण किती चटकन भला माणूस ठरवतो, हे एरवी कुणी सांगितलं असतं तर मान डोलावून मी पुढे गेलो असतो. इथे ते स्वतःच्या सुटकेच्या नि:श्वासातून कळतं, म्हणून बोचतं. बेंजी आधी बोलला नसता तर जेसननं मला सहज खिशात घातलं असतं. कानात झाडांचा वास शिल्लक आहे (असं म्हणता येत असेल तर) म्हणून मी बचावतो.

चौथा भाग तृतीयपुरुषी. म्हणजे तिघं भाऊ बोलले, मग लेखक बोलला. कॅडीला भागच नाही. जिच्याभोवती सगळं फिरतं तिचा आवाज आपण ऐकतो तो फक्त भावांच्या आठवणींतून. पुस्तक मिटल्यावर मला सर्वांत जास्त ऐकू येतो तो हाच न दिलेला आवाज.

बेंजीच्या भागातले निरनिराळे काळ निरनिराळ्या रंगांच्या शाईत छापावेत अशी फॉकनरची इच्छा होती. त्या काळी ते जमलं नाही. २०१२मध्ये फोलिओ सोसायटीनं चौदा रंगांतली मर्यादित प्रतींची आवृत्ती काढली. वस्तू म्हणून ती देखणी असणार. पण मला ती वाचायला नको. कान हळूहळू जे शिकतो ते डोळ्यांनी आधीच सांगून टाकलं तर बेंजीसोबत हरवायचं कसं? असलाच माझा आक्षेप प्रत्येक पात्राला वेगळा कलाकार देणाऱ्या श्राव्य पुस्तकांना आहे. ऐकायला छान वाटतात. पण लेखकानं वाक्यात केलेला बदल तिथे घशातून होतो, आणि वाक्यात बदल केलेलाच नसेल तर तेही झाकून जातं.

निवेदक तोच ठेवून नुसती शैली बदलली तर? जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'मध्ये अठरा प्रकरणं आहेत आणि जवळपास प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. १९२२पासून लोक यावर डोकेफोड करतायत. मला तो सगळा ग्रंथ प्रिय आहे असं सांगून उगाच शहाणपणा मिरवणार नाही; चौदाव्या प्रकरणात इंग्रजी गद्याच्या जुन्यापासून नव्यापर्यंतच्या सगळ्या नकला सुरू होतात तेव्हा मी चक्क पानं गाळलेली आहेत. पण सतरावं प्रकरण मी परत परत वाचतो. दिवसभर एकमेकांना चुकवत आलेले दोघं, ब्लूम आणि स्टीफन, अखेर मध्यरात्रीनंतर ब्लूमच्या स्वयंपाकघरात येतात. एकाचा मुलगा तान्हेपणीच गेलेला, दुसऱ्याचा बाप असून नसल्यासारखा. आता काहीतरी हृद्य घडणार म्हणून आपण सरसावून बसतो, आणि जॉइस काय करतो? प्रश्नोत्तरं. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असतात तशी. ब्लूम नळ सोडतो. प्रश्न: पाणी आलं का? उत्तर: हो, आणि मग ते विकलो परगण्यातल्या राउंडवुड जलाशयातून आलं, त्याची क्षमता २४० कोटी गॅलन, तिथून कुठल्या नळांतून कसं कसं आलं याचा सविस्तर अहवाल.

या थंडपणानं माझ्या घशात आवंढा येतो, आणि का येतो हे मला नीट सांगता येत नाही. एवढंच कळतं की लेखकानं हळवं व्हायला नकार दिला की ते काम वाचकाच्या अंगावर पडतं. आधीच्या सोळा प्रकरणांत ब्लूमच्या डोक्यातली बडबड आपण इतकी ऐकलेली असते की या कोरड्या उत्तरांखालीही ती चालूच राहते. पहिल्याच प्रकरणापासून प्रश्नोत्तरं असती तर ती नुसती माहिती झाली असती. इथेही काम जुना आवाजच करतो.

मराठीत हा खेळ माझ्या मते सर्वांत सहज 'कोसला'त झाला. १९६३ची कादंबरी, बोलणारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच, पांडुरंग सांगवीकर. पण तो एकच माणूस रोजनिशी लिहितो, वसतिगृहाच्या हकिकती सांगतो, मधेच इतिहाससंशोधकाचा आव आणून आजच्या माणसांकडे पुराणवस्तूंसारखं बघतो. 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' यांची पेरणी तर इतकी की पुढे मराठी पोरांच्या दोन पिढ्या तसंच बोलायला लागल्या. आपण या आवाजाला हसत असतो. आणि त्याच आवाजात धाकट्या बहिणीच्या मृत्यूची बातमी येते. त्या पानांशी कुणी नवा निवेदक आणलेला नाही, गंभीर गोष्टीसाठी राखून ठेवलेली वेगळी भाषाही नाही. ज्याला हसत होतो तोच आता रडतोय, आणि आपलं हसू तोंडावर तसंच राहून गेलेलं असतं. निवेदक बदलण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

सोपं काय, तर आजकाल बऱ्याच कादंबऱ्यांत दिसतं ते. एक प्रकरण तो, एक प्रकरण ती, वर ठळक अक्षरांत नाव आणि तारीख. दोघंही एकाच वेगानं विचार करतात, दोघांनाही खिडकीबाहेर पाऊस दिसतो, दोघंही परिच्छेदाच्या शेवटी एक छोटं चटकदार वाक्य टाकतात. मथळा काढला तर ती कुठली आणि तो कुठला. यातही 'मृत्युंजय'सारखीच एक भाषा आहे म्हणाल, तर तसं नव्हे. तिथे महाकाव्याचा सूर सांभाळायचा होता. इथे सांभाळायला काहीच नसतं. दृष्टिकोन बदलला की कादंबरी आपोआप खोल होते, असा कुणीतरी समज करून दिलेला असतो. असल्या पुस्तकांत मला ती पहिली चीडसुद्धा येत नाही. आवाजच जडला नव्हता, तर तो सुटला म्हणून राग कुठून येणार?

ओरहान पामुकनं तर शैलीलाच खुनाचा पुरावा केलंय. 'माय नेम इज रेड' मूळ तुर्कीत १९९८मध्ये आली. १५९१च्या इस्तंबूलमध्ये एका लघुचित्रकाराचा खून झालाय आणि पहिलं प्रकरण त्या प्रेताचंच आहे, विहिरीच्या तळातून. पुढे कुत्रा बोलतो, नाणं बोलतं, लाल रंग बोलतो. संशयित चित्रकार आपापल्या टोपणनावानं बोलतात, आणि त्यांच्यातलाच एक जण 'खुनी' म्हणूनही वेगळी प्रकरणं बोलतो. तो वाचकाला जवळजवळ आव्हानच देतो, माझ्या बोलण्याच्या ढंगावरून मला पकडा. तिकडे कथेत वाद चाललाय की चित्रकाराची शैली म्हणजे त्याची सही की त्याचा दोष. मी ती कादंबरी शब्दाशब्दावर नाक घासत वाचली. खुनी मला सापडला नाही, पण माणूस बोलताना स्वतःला कुठे लपवतो याकडे असं लक्ष मी एरवी देत नाही.

आणि कधी आवाज बदलतो तेव्हा कुणाला पत्ताच लागत नाही. फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' १८५६मध्ये नियतकालिकातून आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपानं आली. तिची सुरुवात 'आम्ही'नं होते. आम्ही वर्गात बसलो होतो, मुख्याध्यापक एका नव्या मुलाला घेऊन आत आले. तो नवा मुलगा शार्ल, पुढे एमाचा, म्हणजे मादाम बोव्हारीचा, नवरा होणारा. वर्ग त्याच्या टोपीला हसतो, त्याच्या नावाला हसतो. थोड्या पानांनी हे 'आम्ही' म्हणतात की आता आमच्यापैकी कुणालाही त्याच्याबद्दल काहीही आठवणं शक्य नाही. त्यानंतर हा वर्ग पुन्हा तोंड उघडत नाही.

काहीही आठवत नाही म्हणून सांगितलं, आणि मग पुढे अख्खी कादंबरी! एमाच्या मनात कुठल्या क्षणी काय हललं, बंद गाडीच्या पडद्यातून कुणाचा हात बाहेर आला, इथपर्यंत सगळं. कोण सांगतंय हे? पहिल्यांदा वाचताना मला हा प्रश्न पडलाच नव्हता. आता पडतो, आणि त्यामुळे शार्लच्या बावळटपणाची प्रत्येक बारकाईची ओळ वाचताना शंका येते की मागच्या बाकांवर ती पोरं अजून बसलेली आहेत, आणि शार्लला हसायला मी त्यांच्याकडूनच शिकलोय.